रणगाड्यात कोण बसले होते?

मे महिन्यात रोझरीसाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर त्या घरच्या मुलाने स्वतः बनवलेला रणगाडा आम्हाला दाखवला. सेंच्युरियन जातीचा, मूळ रणगाड्याच्या पस्तीसपट लहान. त्याची आई हळूच म्हणाली, "वेदीसेवक आहे हा, आणि फावल्या वेळात मारण्याचं यंत्र बनवत बसतो. हे बरं का?" आम्ही हसून विषय टाळला. पण प्रश्न मनातून जाईना. आज त्याचा विचार करू या.

आधी त्या मुलाच्या बाजूने बोलले पाहिजे. खोक्यातून प्लॅस्टिकचे शेकडो बारीक भाग निघतात. एकेक कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, मग चिकटवायचा. मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी तापवून, ताणून केसासारखी बारीक एरियल करायची. कागदी रुमाल गोंदात भिजवून ताडपत्रीची घडी करायची. शेवटी पातळ काळपट रंग सोडला की तो कोपऱ्याकोपऱ्यात उतरतो आणि नवे प्लॅस्टिक जुन्या लोखंडासारखे दिसू लागते. या कामाला महिने लागतात. धीर, एकाग्रता आणि कोणी पाहणार नाही ती बाजूही नीट करण्याचा प्रामाणिकपणा, हे सद्गुणच आहेत.

मग खटकते काय? मुलाने गरम सुईने बाजूच्या पत्र्याला गोळ्यांची भोके पाडली होती. भोवती काजळी आणि गंजही सुरेख रंगवला होता. आम्ही विचारले, "आत माणसं कुठे आहेत?" तो म्हणाला, "चेहरा रंगवायला फार कठीण जातो. म्हणून मी वरचं झाकण बंद करून चिकटवलं." त्याच्या या साध्या उत्तरात आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

ख्रिस्तसभा सैनिकाला पापी म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या संविधानात म्हटले आहे की, लोकांच्या सुरक्षिततेसाठी आणि स्वातंत्र्यासाठी खऱ्या भावनेने सेवा करणारा सैनिक शांतीलाच हातभार लावतो. त्याच संविधानाने शहरेच्या शहरे सरसकट उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धाचा देवाविरुद्धचा गुन्हा म्हणून धिक्कार केला आहे. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी माणूस आहे. माणूस नजरेआड झाला की शौर्याचे कौतुकही पोकळ होते आणि शांतीच्या गप्पाही.

असाच एक सेंच्युरियन अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. त्याचे नाव 'फामागुस्ता'. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यात पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, वय अवघे २१. रणगाड्याने पेट घेतला तेव्हा मागे फिरण्याचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे वायरलेसवर कळवून ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

तीस वर्षांनी, २००१ साली, त्यांचे वृद्ध वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहंमद नासिर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि मनापासून पाहुणचार केला. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी सांगितले की, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात आपण होतो आणि तुमच्या मुलाचा मृत्यू आपल्याच हातून झाला. तीस वर्षे हे ओझे त्यांनीही वाहिले होते. दोन्ही रणगाड्यांची झाकणे त्या रात्री उघडली, आणि आत शत्रू नव्हे, माणसे होती.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे: मुलाला रणगाडा बनवू द्या. लपवू नका, फेकू नका. पण त्याला सांगा, काम अजून पुरे झालेले नाही. या प्रमाणात माणूस जेमतेम पाच सेंटीमीटरचा होतो आणि त्याचा चेहरा तर नखाहूनही लहान. तो कठीण आहे, म्हणूनच रंगवायचा. गंजाचा एकेक डाग शोधणाऱ्याने आत कोण बसले होते, त्याची आई कोण होती, समोर कोण होते, हेही शोधावे.

आणि आपण मोठी माणसे? टीव्हीवर युद्धाच्या बातम्या पाहताना किती रणगाडे फुटले हे आपण आवडीने मोजतो. झाकण आपणही चिकटवूनच टाकलेले असते. प्रभू येशूने वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली. त्यासाठी आधी वैऱ्याला चेहरा असतो हे मान्य करावे लागते. येत्या रविवारी मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना होईल तेव्हा सीमेच्या अलीकडच्या एका आणि पलीकडच्या एका सैनिकाची आपण आठवण करू या.