दूर उभे राहून

तुये येथे औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या आमच्या मंडळीतील एका बांधवाचा तरुण मुलगा वारला, तेव्हा आम्ही सांत्वनास गेलो होतो. प्रार्थनेपूर्वी आम्ही नेहमीचा दृष्टान्त दिला. फ्रान्समध्ये झॉर्ज सरा नावाचा चित्रकार होऊन गेला. रंग एकमेकांत न कालवता तो त्यांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी देई. जवळून पाहावे तर नुसते ठिपके. चार पावले मागे सरावे तो समुद्र, आकाश, गलबते दिसू लागतात. देवाची योजनाही अशीच दुरून पाहावी, असे आम्ही म्हणालो.

मुलाच्या आईने डोळे पुसले. “दूर कुठं जाऊ, पाळकसाहेब? त्याची खाट इथंच आहे.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. परतताना चोपड्याच्या पुलावरून शापोरा नदीतील होड्या ठिपक्यांएवढ्या दिसल्या. होडीत बसलेल्याला मात्र आपली होडी ठिपका वाटत नसणार!

पुढे त्या चित्रकाराविषयी अधिक वाचले. 1890 च्या उन्हाळ्यात त्याने ग्रावलीन बंदराची चित्रे काढली. इतकी शांत की पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यावा. 1891 च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. पुढच्याच महिन्यात त्याचे वर्षाचे मूलही गेले. त्या मुलाच्या आईला मागे सरून पाहा असे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले असते काय?

शिवाय आमच्या दृष्टान्तात एक गोष्ट राहूनच गेली होती. दूर उभा राहतो तो प्रेक्षक. चित्रकाराला प्रत्येक ठिपका हात पोचेल इतक्या जवळून द्यावा लागतो.

देवाची योजना नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण खरी गोष्ट सांगूनही अपराध घडू शकतो काय? आम्हांस वाटते, घडतो. विशेषतः सांगणाऱ्याचे काही गेलेले नसते तेव्हा. बेथानीस प्रभूला शेवट ठाऊक होता. लाजर उठणार हे तो जाणत होता. तरी मरीयेला रडताना पाहून तोही रडला. मार्थेशी पुनरुत्थानाविषयी तो बोलला हे खरे. पण तो कबरेपर्यंत चालत गेला, हे आम्ही उपदेशात घाईने उरकतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा तुयेला गेलो. खाट तिथेच होती. आम्ही खाली चटईवर बसलो. मुलगा लहानपणी कसा हट्टी होता ते ती सांगत राहिली. चहा दोनदा झाला. शास्त्रपाठ राहूनच गेला.