शांततेचे ऋण

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकर जे प्रश्न विचारतो त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. शाळा कोठे आहे, कचेरी किती दूर आहे, पाणी पुरते का, आणि शेवटी, काहीशा संकोचाने, "भाग शांत आहे ना?" बंगळूरला येताना आम्हीही हेच विचारले होते. येथे आमच्या आधी येऊन स्थिरावलेल्या एका सहकाऱ्यांनी उत्तर पाठविले, "एचएसआर लेआउटमध्ये घर घ्या. कुटुंबवत्सल माणसांची वस्ती आहे. कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नसते." यातील शेवटचे वाक्य ही स्तुती की तक्रार, हा विचार तेव्हा आम्हांला सुचला नाही. तीन वर्षांनी सुचला. आणि तो का सुचला हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून एचएसआर ही अक्षरे आली. 1976 साली स्थापन झालेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली, सात सेक्टरांत विभागलेली ही वस्ती शहराच्या आग्नेयेस आहे. सिल्क बोर्डाच्या चौकातील वाहनांचा कल्लोळ मागे टाकून आत वळले की थोड्याच वेळात जग बदलल्यासारखे वाटते. सत्ताविसाव्या मुख्य रस्त्यावर खाणावळींची आणि दुकानांची गर्दी आहे खरी. परंतु आतल्या आडरस्त्यांवर करंजाची सावली असते, फाटकापुढे सकाळची रांगोळी असते, आणि सायंकाळी उद्यानात आजी-आजोबांच्या फेऱ्या चालू असतात. दिवसभर कागदांत डोके घालून परतणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

तथापि 'लेआउट' या शब्दात एक फसवणूक आहे. त्यावरून असे वाटते की कोऱ्या कागदावर कोणी पट्टीने रेघा ओढल्या आणि घरे उभी राहिली. कागद कोरा नव्हता. शेजारचे आगर हे गाव आणि त्याचे तळे फार जुने आहे. तेथील तळ्यांच्या मोऱ्यांना दारे बसविल्याची नोंद असलेला गंग राजांच्या काळातील शिलालेख हजार वर्षांहून जुना आहे. गावांची शेते संपादित झाली, तेव्हा कोठे आमचे भूखंड पडले. म्हणजे येथे बाहेरचा कोण, या प्रश्नाचे उत्तर आपण समजतो तितके सोपे नाही.

शांत वस्त्यांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. बंगळूरचे मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी हे भाग 1898 च्या प्लेगनंतर वसले. मुंबईत 1896 साली प्लेग आला, 1898 साली सुधारणा मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. उजेड हवा, वारा हवा, दोन घरांत अंतर हवे, ही त्या वेळची मागणी रास्त होती. माणसे खरोखरच मरत होती. परंतु रोगाला दूर ठेवण्यासाठी राखलेले अंतर रोग गेल्यावरही राहते, आणि मग ते माणसाला दूर ठेवण्याच्या कामी येऊ लागते. शांत वस्तीच्या पायात कोठेतरी भीतीचा एक दगड असतो, असे आम्हांला वाटते ते यामुळेच.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आमच्या घरासमोरील भूखंडावर गेल्या वर्षी बांधकाम सुरू झाले. मजुरांसाठी तेथेच पत्र्याच्या सहा खोल्या उभ्या राहिल्या. पहाटे चुलीचा धूर येई, रात्री मोबाइलवर गाणी वाजत, आणि एक तान्हे मूल बारा-एकच्या सुमारास हटकून रडू लागे. मार्च महिना होता. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. गल्लीतील रहिवाशांनी कंत्राटदाराला द्यावयाचे एक पत्र तयार केले. भाषा अत्यंत सभ्य होती. 'वस्तीची शांतता व कौटुंबिक वातावरण' अबाधित राहावे म्हणून मजुरांची सोय 'अन्यत्र' करावी, एवढीच विनंती. पत्र आमच्याकडे आले तेव्हा त्यावर अठरा सह्या होत्या. आम्ही एकोणिसावी केली.

सही करणे हा आमचा व्यवसायच आहे. टिप्पणी वर जाते, आदेश खाली येतो, आणि कागद पुढच्या टेबलावर सरकला की आपले काम झाले असे वाटते. एकोणीस जणांनी मिळून केलेली गोष्ट कोणीच केलेली नसते, हे कचेरीत वावरणाऱ्याला शिकवावे लागत नाही. आठ दिवसांत खोल्या उठल्या. त्या रात्री आम्ही उत्तम झोपलो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे भांडी घासणारी बाई राहिलेला पगार घेण्यास आली. ती बीदर जिल्ह्यातील भालकीकडची. नवरा गवंडीकाम करणारा. ती समोरच्याच खोल्यांत राहत होती आणि रात्री रडणारे मूल तिचेच होते, हे सौ. ला ठाऊक होते. आम्ही कधी विचारले नव्हते. तिने पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, "ताई, थोरलीचं नाव शाळेतनं काढायचंय. अर्ज लागतोय म्हणे. साहेब लिहून देतील का?"

आम्ही इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. वर्ष पुरे होण्याआधीच दाखला का हवा, याचे कारण लिहिण्याची वेळ आली तेव्हा लेखणी थांबली. शेवटी 'वास्तव्यात बदल झाल्यामुळे' असे लिहिले. खोटे त्यात काही नव्हते. आमच्या सहीने उठलेल्या घराचा दाखला आमच्याच अक्षरात निघाला, इतकेच. पत्राची हकीकत तिला ठाऊक होती की नाही, हे आम्हांला अजून माहीत नाही. तिने निघताना "येते" म्हटले.

वाचकांपैकी बहुतेक जण आमच्यासारखेच बदलीचे धनी आहेत. आपल्या मुलांच्या शाळा बदलतात, मोडका संसार पुन्हा बांधावा लागतो, आणि त्या दुःखावर आपण मंडळाच्या बैठकींत पोटभर बोलतो. परंतु आपल्या बदलीला नियम आहेत. 1979 च्या नियमांनुसार दूरच्या ठिकाणी रुजू होण्यास आपल्याला दहा-बारा दिवसांची मुदत मिळते, सामानाचे भाडे मिळते, बदलीचे अनुदान मिळते. त्या बाईचीही बदलीच झाली. हुकूम आम्ही काढला, आणि मुदत, भाडे, अनुदान यांपैकी काहीच दिले नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो खोटा नाही. झोप हा चैनीचा विषय नव्हे. आजाऱ्याला, विद्यार्थ्याला, कष्टून आलेल्याला शांतता हवीच. कायदाही ते मानतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु नियम आवाज किती हे मोजतो. आवाज कोणाचा हे त्याला कळत नाही. ते माणसाने पाहावयाचे असते. यंत्राचा खडखडाट आणि तान्ह्या मुलाचे रडणे आम्ही एकाच पत्रात घातले, ही आमची चूक. शिवाय ते यंत्र ज्याचे घर बांधत होते तो उद्याचा शेजारी. म्हणून यंत्राविषयी पत्रात अखेर एक अक्षरही उरले नाही.

शांततेची ओढ आपल्या परंपरेत हलकी मानलेली नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांतवासाची आवड त्यांत गणली आहे. पण एकांत शोधणारा स्वतः उठून गावाबाहेर जातो. गावात बसून गावालाच बाहेर जाण्यास सांगणे, याला एकांत म्हणत नाहीत. त्याने सोडलेले असते. आपण सोडवून घेतलेले असते. बाहेरून दोहोंत सारखीच स्तब्धता दिसते, म्हणून आपली गल्लत होते.

आणखी एक विचार आम्हांला अधिक बोचतो. ती बाई मराठी बोलली म्हणून तर हे सारे मनाला लागले नाही ना? त्याच खोल्यांत रायचूरचे होते, ओडिशाचे होते. त्यांचे शब्द आम्हांला कळत नव्हते, म्हणून तो नुसता गोंगाट होता. जे कळत नाही त्याला गोंगाट म्हणावयाचे, ही सोय परक्या प्रांतात राहणाऱ्यांनी तरी घेऊ नये. कारण येथे आपलेही बोलणे कोणाला तरी गोंगाटच वाटत असेल.

या पावसाळ्यात गल्लीच्या टोकाला दुसरे बांधकाम निघाले आणि पुन्हा तसेच पत्र आले. या वेळी आम्ही सही केली नाही; बैठकीत उभे राहून बोललो. मोडक्या कन्नडमध्ये बोललो आणि थोडे हसूही झाले. कित्येकांना आमचे म्हणणे पटले नाही. अखेर एवढे ठरले की यंत्र सायंकाळी सातला बंद व्हावे, खोल्यांसाठी शौचकूप बांधून मिळावे, आणि काम संपेपर्यंत कोणालाही उठवू नये. यातील शौचकूप अजून झालेले नाही. थोरलीला नव्या ठिकाणी शाळा मिळाली की नाही, तेही आम्हांला कळलेले नाही. तिचा पत्ता आम्ही घेऊन ठेवला नव्हता.

गेल्या आठवड्यात नागपूरहून बदलून येणाऱ्या एका गृहस्थांचे पत्र आले. शाळा, कचेरी, पाणी, आणि शेवटी तोच प्रश्न. आम्ही लिहिले, "भाग शांत आहे. रात्री एखादे मूल रडते. ते कोणाचे आहे, ते आल्यावर विचारून ठेवा."