हरिश्चंद्र, मी आणि एक ‘होईल’

निवडणूक काय आणि सिनेमा काय, दोन्हींत खरी मजा वाट पाहण्यात असते, असं माझं नम्र मत आहे. एकदा पाहिलं की संपलं. फरक एवढाच, की सिनेमा फसला तर तीन तासांत सुटका होते.

गोष्ट २००९ ची. विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला होतं. आमच्या शेलूबाजारात सकाळपासून जीपवरचे भोंगे सुरू व्हायचे. एक जीप आश्वासन देऊन वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच दुसरी त्याहून मोठं आश्वासन घेऊन हजर! मी बँकेत नवाच चिकटलेला, कॉमर्सचा पदवीधर. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक जमेची आणि एक नावेची बाजू असते, एवढं एकच तत्त्वज्ञान मला शिकवलेलं.

त्या गदारोळात सप्टेंबरमध्ये पेपरात बातमी आली, की परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ भारतातर्फे ऑस्करला जाणार. दादासाहेब फाळक्यांवरचा सिनेमा! ‘श्वास’नंतर हा मान मिळालेला हा दुसरा मराठी सिनेमा. मी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि वाट पाहू लागलो. भोंग्यांची जीप गेली की कात्रणाकडे बघायचो. तेवढंच मन निर्मळ व्हायचं.

या फाळक्यांची मला मोठी गंमत वाटते. राजा निवडला तो सत्यवचनी हरिश्चंद्र, आणि त्याची गोष्ट सांगण्यासाठी किती खोटेपणा करावा लागला म्हणता! तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवलं. सिनेमात काम करतो म्हटलं तर चारचौघांत नाचक्की व्हायची. म्हणून नटांना सांगून ठेवलं, की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत म्हणा. म्हणजे हरिश्चंद्राचंच नाव घेऊन थाप! तरीही ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा लोकांनी फसवलं म्हणून आरडाओरडा केला नाही, डोळे पुसले.

मग भोंग्यावरचं खोटं आपल्याला का झोंबतं? पडद्यावरचं खोटं का गोड लागतं? या प्रश्नावर मी काउंटरवर बसून बराच विचार केला. म्हणजे लोक रांगेत उभे असताना.

त्याच दिवसांत एक म्हातारबाबा आले. धोतराच्या सोग्यात सोयाबीन विकून आलेले पैसे. पीककर्जाचा भरणा करायला आले होते. खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, “साहेब, लोकं म्हंतात, इलेक्शन झालं की माफी होते. मंग भरू का नको भरू?”

२००८ साली केंद्राची कर्जमाफी होऊन गेली होती. ती जुन्या थकलेल्या कर्जांची होती. बाबांचं कर्ज त्यात बसत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नव्या माफीचं मला जीपवाल्याइतकंच ठाऊक होतं. ‘मला माहीत नाही, बाबा, पण तुम्ही भरून टाका,’ एवढं म्हणायचं होतं. पण मागे रांग वाढलेली, बाबांचे डोळे आशेने भरलेले, आणि काचेखाली फाळके. मी म्हणालो, “होईल, बाबा.”

बाबा हसले आणि पैसे परत सोग्यात बांधून गेले. जाताना मला आशीर्वाद दिला. मलाही फार बरं वाटलं. माणसाला खूश करायला काय लागतं हो? एक शब्द!

माफी झाली नाही. राज्यात पुढची मोठी कर्जमाफी आली ती २०१७ साली. बाबांचे पैसे दिवाळीत आणि दवाखान्यात गेले. कर्ज थकलं. थकबाकीदाराला नवं पीककर्ज मिळत नाही, हा नियम मीच त्यांना जूनमध्ये वाचून दाखवला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “तुमी म्हनलं म्हनून थांबलो, साहेब.” आणि बियाण्यासाठी सावकाराच्या घराकडे वळले.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २९ जानेवारी २०१० ला प्रदर्शित झाला. ऑस्करच्या शेवटच्या यादीत काही गेला नाही. मी पाहिला तो पुढे टीव्हीवर, जाहिरातींच्या मधल्या वेळात. सिनेमा हसरा. मी मात्र एके ठिकाणी हसू विसरलो. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बायकोचे दागिने पणाला लावले, डोळ्यांची नजर जवळजवळ घालवली. तेव्हा माझ्या कॉमर्सच्या डोक्यात एकदम उजेड पडला. फाळक्यांच्या खोट्याची रक्कम त्यांच्या स्वतःच्या नावे पडली होती; लोकांच्या खात्यावर नुसता आनंद जमा! माझं ‘होईल’ नेमकं उलटं. आशीर्वाद माझ्या खात्यावर जमा आणि रक्कम बाबांच्या नावे. जीपवाल्याचंही तेच; त्याला निदान मतांची तरी गरज होती. मला फक्त रांग कमी करायची होती.

आज शेलूबाजारचं नाव समृद्धी महामार्गाच्या पाटीवर झळकतं. भोंगे मात्र तेच. निवडणूक आली की खिडकीशी कुणीतरी वाकून विचारतंच. मी सांगतो, “मला माहीत नाही. भरता येत असेल तर भरा.” गावात माझी कीर्ती ‘तुसडा माणूस’ अशी झाली आहे. आशीर्वाद बंद आहेत.

पण मी अगदीच हरिश्चंद्र झालोय असं समजू नका. रात्री ही विचारते, “वांग्याची भाजी कशी झालीय?” मी म्हणतो, “फक्कड!” आणि पुन्हा वाढून घेतो. इथे भांडवल माझं असतं.