टर्बाइनने शिकवलेली एन्थाल्पी

‘व्हॉल्व्हमध्ये काही वाया जात नाही हो, एन्थाल्पी आधीही तीच आणि नंतरही तीच.’ साखर कारखान्यातल्या सहवीजनिर्मितीची चर्चा निघाली की हे वाक्य कुणीतरी टाकतेच, आणि समोरचा गप्प बसतो. गणित बरोबर असल्यामुळे त्याला बोलता येत नाही. जास्त दाबाची वाफ दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून सोडली तर तिची एन्थाल्पी खरोखरच बदलत नाही. घोटाळा आहे तो एन्थाल्पी म्हणजे ‘वाफेतली एकूण उष्णता’ या समजुतीत. उष्णता तेवढीच राहिली, मग गेले काय, असा सरळ हिशेब.

ही समजूत आळसातून आलेली नाही. ती थेट भौतिकशास्त्रज्ञ रेन्यो यांच्याकडून आली आहे. त्यांनी 1847मध्ये वाफेच्या ‘एकूण उष्णते’चे सूत्र दिले: 606.5 अधिक तापमानाच्या 0.305 पट, किलोमागे किलोकॅलरी. शंभर अंशांना याचे उत्तर 637 येते. आजचे तक्ते 639 सांगतात. मोजमापाला तोड नाही. पण उष्णता पदार्थात साठून राहते ही कल्पना तीनच वर्षांनी, 1850मध्ये, क्लॉसियस यांनी निकालात काढली. इंजिनीयरांनी क्लॉसियस वाचले आणि तक्ते रेन्यो यांचेच वापरले. आकडा बरोबर होता, तेव्हा त्याचा अर्थ तपासायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढची नावे सर्वांना पाठ असतात. गिब्ज यांनी 1870च्या दशकात अंतर्गत ऊर्जेत दाब आणि आकारमानाचा गुणाकार मिळवून एक राशी मांडली आणि ती स्थिर दाबाखालच्या उष्णतेशी जोडली. कामरलिंग ओनेस यांनी तिला नाव दिले, ते 1909मध्ये छापून आले. रसायनशास्त्राचा संसार याच व्याख्येवर चालतो. उघड्या भांड्यातल्या अभिक्रियेला ती चपखल बसते, कारण वातावरणाचा दाब तिथे बदलत नाही. शंभर अंशांना एक किलो पाण्याची वाफ करायला 2257 किलोज्यूल लागतात. त्यातले सुमारे 170 वाफेला जागा करून देण्यासाठी भोवतालची हवा मागे सारण्यात खर्च होतात. इथवर वाद नाही.

वाद आहे तो या व्याख्येलाच कल्पनेचा जन्म मानण्याशी. टर्बाइन घ्या. आत शिरताना वाफ 40 बार दाबाची, बाहेर पडताना 2 बारची. दाब स्थिर नाही. कवचातून निसटणारी थोडी सोडली तर उष्णतेची देवाणघेवाणही नाही. ‘स्थिर दाबाखालची उष्णता’ या व्याख्येतला एकही शब्द इथे लागू पडत नाही, आणि तरी मिळणारे काम म्हणजे आतल्या-बाहेरच्या एन्थाल्पीतला फरक, जवळजवळ तंतोतंत. हे कसे?

याचे उत्तर यंत्रांच्या इतिहासात आहे. पिस्टनच्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये कोंडलेली असते. वॉट यांच्या काळापासून चालत आलेला इंडिकेटर जोडला की दाब-आकारमानाचा आलेख मिळायचा, आणि आलेखाचे क्षेत्रफळ म्हणजे काम. एन्थाल्पीवाचून कुणाचे काही अडत नव्हते. पार्सन्स यांनी 1884मध्ये टर्बाइन आणले आणि ही सोय गेली. टर्बाइनमध्ये वाफ कुठेच कोंडलेली नसते, पिस्टन नसतो, इंडिकेटर लावणार कुठे? वाहत्या वाफेचा हिशेबच वेगळा. दर्शनबारीतल्या माणसासारखे वाफेच्या प्रत्येक थराला मागचे पुढे ढकलतात आणि तो पुढच्यांना. हे ढकलण्याचे काम म्हणजेच दाब गुणिले आकारमान. ते अंतर्गत ऊर्जेत मिळवल्याशिवाय प्रवाहाचा जमाखर्च जुळत नाही.

ड्रेस्डेनचे प्राध्यापक मोलिए यांनी 1904मध्ये ही राशी थेट आलेखाच्या उभ्या अक्षावर नेऊन ठेवली आणि आडव्या अक्षावर एन्ट्रॉपी घेतली. टर्बाइनमधले काम आता एका उभ्या रेषेची लांबी झाले, फूटपट्टीने मोजावे असे. पाठ्यपुस्तके या आलेखाला आकडेमोडीची सोय म्हणून चार ओळींत उरकतात. माझ्या मते एन्थाल्पीचा खरा जन्म इथे झाला. गिब्ज यांच्याकडे सूत्र होते. ते सूत्र वाहत्या प्रवाहात नेमके कशाचे माप आहे, हे टर्बाइनवाल्यांनी दाखवले. जूल आणि थॉमसन यांनी सच्छिद्र बोळ्यातून वायू दाबून पाठवला तेव्हा, 1850च्या दशकातच, हा हिशेब त्यांच्या हाती आला होता. पण त्यांचे लक्ष वायू किती थंड होतो याकडे होते.

कारखान्यातला व्हॉल्व्ह याच आलेखावर ठेवून पाहा. 40 बार, 400 अंशांची वाफ: एन्थाल्पी किलोमागे सुमारे 3214 किलोज्यूल. आदर्श टर्बाइनमधून ती 2 बारपर्यंत आणली तर एन्थाल्पी 2566वर येते आणि साधारण 650 किलोज्यूल काम मिळते. व्हॉल्व्हमधून आणली तर 3214च राहते, काम शून्य. पण आलेखावर ती रेषा उजवीकडे आडवी धावते: एन्ट्रॉपी 6.77वरून 8.13च्या आसपास जाते. परिसराचे तापमान 303 केल्विन धरले तर या आडव्या रेषेची किंमत किलोमागे सुमारे 410 किलोज्यूल, कायमची गेलेली काम करण्याची क्षमता. ‘काही वाया जात नाही’ म्हणणारा अर्धाच आलेख वाचत असतो.

हल्ली आलेख कुणी काढत नाही; दाब-तापमान टाकले की संगणक आकडा देतो. त्यामुळे ‘वाफेतली उष्णता’ आणखी घट्ट रुजली आहे. तिचा भ्रम फोडायला शीतकांचे तक्ते बरे. शून्य अंशांच्या संपृक्त द्रव आर-134एची एन्थाल्पी एका प्रचलित संकेतानुसार 200 किलोज्यूल, तर उणे 40 अंशांना शून्य मानणाऱ्या दुसऱ्या संकेतानुसार सुमारे 52. द्रव तोच, बाटली तीच. उणे 50 अंशांना तर दुसऱ्या तक्त्यात आकडा ऋण होतो, आणि ऋण उष्णता साठवलेली बाटली अजून कुणी विकायला काढलेली नाही. कॉम्प्रेसरचे काम मात्र दोन्ही तक्ते सारखेच सांगतात, दोन आकडे एकाच तक्त्यातून घेतले तर.