वंशावळीची साक्ष

वेरूळची पाटीलकी सांभाळणाऱ्या भोसले घराण्याचा वंश १६७४ च्या राज्याभिषेकासमयी मेवाडच्या सिसोदियांशी जोडला गेला. त्या क्षत्रियत्वाला शास्त्राधार देणारे गागाभट्ट काशीचे. त्यांचे घराणे मात्र चार पिढ्यांपूर्वी रामेश्वरभट्टांसमवेत पैठणहून तेथे गेलेले. काशीत या घराण्याला प्रतिष्ठा लाभली ती नारायणभट्टादी विद्वानांच्या व्यासंगामुळे. शिवाजी महाराजांचे राज्यही वंशावळीतून उद्भवले नव्हते. राज्य उभे राहिल्यानंतर वंशावळीची निकड भासली. ती वंशावळ खरी की कल्पित, हा इतिहासकारांच्या वादाचा विषय. नैतिक प्रश्न निराळा आहे. कर्तृत्वासाठी पूर्वजांची साक्ष मागणाऱ्या समाजाला गावाची शेतीवाडी राखणारा पाटील पुरेसा साक्षीदार का वाटू नये?