शुद्ध हरपलेल्या रुग्णाची प्रतिष्ठा

स्वतःचा मान राखला जातो की नाही हे ज्याला कळतच नाही, अशा रुग्णाला प्रतिष्ठा असते काय, हा परिचर्येच्या नीतिशास्त्रातील कळीचा प्रश्न आहे. इमॅन्युएल कान्टने 1785 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला: ज्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, ज्याला पर्यायच नसतो त्याला प्रतिष्ठा असते. मात्र ही प्रतिष्ठा त्याने स्वायत्ततेवर, म्हणजे विवेकाने स्वतःच स्वतःला नियम घालून घेण्याच्या सामर्थ्यावर उभारल्यामुळे, ते सामर्थ्य कायमचे गमावलेल्या रुग्णाचे काय, ही अडचण उरतेच.

बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्ग या भागात या प्रश्नाला वेगळी दिशा मिळते. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे, तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून सोबती फिरकत नव्हते. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्या साहाय्याने त्याला धुऊन मंचकावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा हे संघाचे कर्तव्य ठरवले. उपयोग संपला की माणसाचे मोलही संपते, या समजुतीलाच हा नकार आहे. चांगल्या परिचारकाला मलमूत्र व वांती यांची किळस नसावी आणि त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रभावाने सेवा करावी, अशी अपेक्षाही तेथे नोंदवली आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी ही अपेक्षा आधुनिक काळात पूर्ण केली. तेथेच परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग 1973 मध्ये त्यांच्यावर झालेल्या अत्याचारानंतर 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत परावलंबी अवस्थेत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ न दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला. याच निकालाने काटेकोर अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवण्याला, तत्त्वतः मान्यता दिली. यावरून आयुष्य किती लांबवावे आणि ते असेपर्यंत माणसाला कसे वागवावे हे दोन वेगळे प्रश्न ठरतात, आणि पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही.

म्हणूनच अंग पुसण्यापूर्वी पडदा ओढणे, आवश्यक तेवढेच अंग उघडे करणे, कूस बदलण्याआधी रुग्णाला नावाने हाक मारून तसे सांगणे आणि त्याचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने न करणे, ही कृत्ये उत्तराची अपेक्षा न ठेवता करावयाची असतात. त्यांनी रुग्णाला प्रतिष्ठा बहाल होत नाही. ती त्याच्या ठायी असतेच, आणि परिचर्या तिला ओळख देते. ती ओळख नाकारली गेल्यास रुग्णाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, तिचा अवमान होतो, आणि त्याला तक्रार करता येत नसल्यामुळे तो अवमान अधिकच गंभीर ठरतो.