न पाहणाऱ्याचे ऋण

रायपूरच्या शंकर नगरात दूरदर्शनचे केंद्र आहे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या अशा केंद्राचे कार्यक्रम करदात्यांपैकी किती जण पाहतात, हे कोणी विचारीत नाही. चित्रपटाला शासकीय अनुदान मिळाले की मात्र प्रश्न उठतो: ज्याने तो पाहिला नाही, ज्याला तो पाहावयाचाही नाही, त्याचा पैसा त्यासाठी का खर्च व्हावा? ‘संस्कृतीचे संवर्धन’ एवढे म्हणून हा प्रश्न मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. तो तसा मिटत नाही. कारण तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७५ साली मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली. चित्रपटावर जमा झालेला करमणूक कर निर्मात्यास परत मिळावा, आणि त्याने त्यातून पुढचा मराठी चित्रपट काढावा, असे तिचे स्वरूप होते. ज्याला गर्दी अधिक त्याला परतावा अधिक. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना रांगा लागत असताना असा न्याय अभिरुचीच्या कैवाऱ्यांना रुचणे कठीणच होते. तथापि या व्यवहारात एक सरळपणा होता. रांगेत स्वेच्छेने उभ्या राहिलेल्या माणसाचा पैसा त्याच्याच आवडीच्या पडद्याकडे परत जात होता. फ्रान्समध्ये १९४८पासून तिकिटावर जो अधिभार घेतला जातो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की तेथे अमेरिकी चित्रपटाचा प्रेक्षकही फ्रेंच चित्रपटाचा पोशिंदा होतो. काटेकोरपणे पाहता सोडून दिलेला कर हाही तिजोरीचाच पैसा, हे खरे. पण त्याचा उगम तरी चित्रगृहाच्या खिडकीशी होता.

पुढे महाराष्ट्रात परताव्याची जागा अनुदानाने घेतली. समितीने चित्रपट पाहावा, त्याचा दर्जा ठरवावा आणि त्यानुसार रक्कम द्यावी. प्रेक्षकांच्या कौलाऐवजी परीक्षकांचा कौल आला. ज्या चित्रपटाला चार माणसे येतात पण ज्याच्यावाचून भाषा दरिद्री राहील, त्याला यामुळे जगण्याची संधी मिळाली, हा लाभ लहान नव्हे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला, तेव्हा तिकीट आणि साहाय्य यांच्यातील उरलासुरला धागाही तुटला. आता साहाय्य येते ते सर्वांच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः न पाहणाऱ्याकडून. धनको बदलला, ऋणको मात्र अजून जुन्याच धनकोला, प्रेक्षकाला, नमस्कार करतो आहे.

या नव्या धनकोचे मागणे तरी काय? पैसे परत मिळावेत, असे त्याचे म्हणणे नाही. आपल्या मताचाच चित्रपट निघावा, असे म्हणण्याचाही त्याला अधिकार नाही. तसा अधिकार मानला तर समितीचा दरबार व्हावयास वेळ लागणार नाही. उद्या पाहावेसे वाटले तर तो चित्रपट आपल्या आवाक्यात असावा, एवढाच त्याचा हक्क; पण तो पक्का आहे. अनुदान घेऊन एखाद्या आठवड्यात गैरसोयीच्या वेळी लागणारा आणि नंतर कोठेच न सापडणारा चित्रपट हा वाईट असो वा उत्कृष्ट, तो हे ऋण बुडवतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते या दृष्टीने अनुदानापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. निर्मितीस पैसा देणे आणि जतनास, प्रदर्शनास हात आखडणे ही अर्धी नीती होय.

आवाक्यात म्हणजे केवळ डोळ्यांसमोर नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहामार्फत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग देशात झाला, त्यात रायपूर, बिलासपूर व दुर्ग या जिल्ह्यांतील गावेही होती. ज्यांनी कधी चित्रवाणी संच पाहिला नव्हता त्यांच्यापुढे शासनाने स्वखर्चाने पडदा नेला. भाषा मात्र हिंदी होती. कन्नड, तेलुगू, ओडिया यांना वाटा मिळाला, छत्तीसगढीला नाही.

रायपुरात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी घरे नांदत आली आहेत. छत्तीसगड शासनाच्या २०२१च्या चित्रपट धोरणाने साहाय्य देऊ केले, तेव्हा त्या तिजोरीत या घरांचाही कर होता. मुंबईतून मिळणाऱ्या मराठी अनुदानावर त्यांचा काही हक्क पोहोचत नाही. यात अन्याय पाहणे चुकीचे ठरेल. ज्या भाषेच्या शेजारात माणूस राहतो तिचेही त्याच्यावर देणे असते. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढले ते हिंदीत, मराठी मातृभाषा असताना. प्रश्न उरतो तो छत्तीसगढी बोलणाऱ्याचा. त्याच्या भाषेतला पहिला चित्रपट, मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’, १९६५ साली खासगी पैशावर निघाला होता. उपग्रहाचा तो पडदा त्याच्या गावात आला त्याच्या दहा वर्षे आधी.